आधी घर बघा, मग गाव सोडा

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण. समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



 आम्ही काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंगखात्यात उभं राहून आमचं आयुष्य गेलं. जे काही वाचलं ते तिसऱ्या पाळीवरून आल्यावर, याच विहाराच्या कपाटातली पुस्तकं काढून वाचलं. तेव्हा भाषा खडबडीत वाटली तर सांभाळून घ्यावं.

समितीनं आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, "परगावी नोकरी लागलेल्या आपल्या पोरापोरींनी घर कसं बघावं, यावर बोलू." काही जण हसले. विहारात भाड्याच्या खोलीवर काय भाषण करायचं? पण बंधूंनो, दर रविवारी आपण इथं मंगलसुत्त म्हणतो. त्यात योग्य ठिकाणी वास असणं हे एक उत्तम मंगल म्हणून सांगितलं आहे. भगवंतांनी ज्याला मंगल म्हटलं, तो विषय विहाराचाच आहे.

आपल्या सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली निघाली. पुढं आणखी निघाल्या. त्यांच्या भोंग्यावर आपले आजे-पणजे बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून इथं आले. ते कसे आले, हे जुन्या माणसांना विचारा. कोणीही उठून मोकळा आला नाही. आधी कुणाचा मामा, कुणाचा साडू गिरणीत असायचा. तो जॉबरच्या कानावर घालायचा, खोलीत वळकटी टाकायला जागा करायचा, आणि मग गावाकडं निरोप जायचा, "ये आता." म्हणजे आधी जागा, मग माणूस. अडाणी म्हणवणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हे कळत होतं.

आता गिरण्यांची धुराडी थंडावली आणि ओघ उलटा फिरला. आपली पोरं शिकली. कुणी हिंजवडीला कॉम्प्युटरवर, कुणी चाकणला मोटारीच्या कारखान्यात, कुणी रांजणगावला, कुणी हैदराबाद-बंगळुरात. आनंदाची गोष्ट आहे. पण होतं काय? शुक्रवारी नेमणुकीचं पत्र येतं, सोमवारी हजर व्हायचं असतं. आई चटणी-भाकरी बांधते, बाप उसने दहा हजार आणतो, आणि पोरगं रविवारच्या रात्रीच्या गाडीत बसतं. "तिथं गेल्यावर बघू." हे जे "गेल्यावर बघू" आहे ना, त्याविरुद्ध आम्ही आज उभे आहोत.

आमचं सांगणं थोडक्यात असं. हातात पेटी घेऊन दारात उभा राहिलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. जास्त भाडं सांगितलं तरी हो म्हणतो, पावती नाही म्हटलं तरी हो म्हणतो, आणि जात विचारली तर मान खाली घालतो. ज्याच्या मागं पंधरा दिवसांची पथारी पक्की आहे, तोच ताठ मानेनं म्हणू शकतो, "ठीक आहे साहेब, आम्ही दुसरीकडं बघतो." म्हणून आधी घर बघणं हा आम्ही स्वाभिमानाचा प्रश्न मानतो.

बाबासाहेबांना यातून जावं लागलं, हे इथल्या लहान मुलांनाही ठाऊक असेल. पण आज घराच्या नजरेतून तो प्रसंग पुन्हा बघू. १९१७ साल. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकलेला माणूस बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला निघाला. शिष्यवृत्तीच्या करारामुळं ती नोकरी करणं भाग होतं. नोकरी होती, विद्या होती, पण बडोद्यात राहायला जागा नव्हती. हिंदूंच्या खाणावळीत घेणार नाहीत हे ठाऊक होतं. शेवटी पारशांच्या एका पथिकाश्रमात गेले. तिथं पारशाशिवाय कुणाला ठेवत नसत. दिवसाला दीड रुपयाच्या बोलीवर आणि वहीत पारशी नाव लिहिण्याच्या अटीवर तिथल्या माणसानं त्यांना ठेवून घेतलं. सरकारी बंगला मिळेल या आशेवर बाबासाहेबांनी त्या अंधाऱ्या जागेत दिवस काढले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर माणसं काठ्या घेऊन जिन्यावर आली आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा म्हणून बजावून गेली. मग बाबासाहेबांनी एका हिंदू स्नेह्याला विचारलं. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर जातील. एका ख्रिस्ती स्नेह्याला विचारलं. तो म्हणाला, बायको येऊ दे, तिला विचारतो. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोपर्यंतचे पाच तास बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले. "वेटिंग फॉर अ व्हिसा" या आत्मकथनात त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. बडोद्याची ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

आता विचार करा. एवढ्या विद्वान माणसाला दुसऱ्याच्या नावावर राहावं लागलं, आणि तरीसुद्धा ती जागा अकरा दिवसच टिकली. दुसऱ्याच्या नावावर मिळालेलं घर घर होत नाही. तिथं माणूस झोपतो, पण त्याला झोप लागत नाही.

आजही हेच चालू आहे. फक्त काठ्या गेल्या आणि गोड बोलणं आलं. आमच्याबरोबर खोल्या बघायला आलेल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. पगार चांगला, राहणी टापटीप. घरमालकीण बाईंनी आधी चहा विचारला. मग म्हणाल्या, "आडनाव काय म्हणालात?" सांगितलं. आडनावावरून बाईंना अंदाज येईना. "गाव कुठलं?" सोलापूर. "सोलापुरात कुठं?" त्यानं वस्तीचं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, "बरं, मिस्टरांना विचारून कळवते." तो फोन अजून आलेला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी "आम्हाला नॉनव्हेज चालत नाही" म्हणाले. मुलगा म्हणाला, "मी घरात शिजवणारच नाही, मेसला जेवतो." तरी नाहीच. मटणाचा नुसता बहाणा होता.

ही कुणा एकट्याची रड नाही. आपले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत याची पाहणी केली. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. भाड्यानं घर मागणाऱ्यांची ऐपत सारखी, फरक फक्त नावात. उच्चवर्णीय नावाला दार उघडं होतं. दलित नावाला कुठं नकार, कुठं वाढीव अटी. मुसलमान नावाला तर त्याहून जास्त नकार.

आम्हा गिरणी कामगारांना याचं नवल वाटत नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणखात्यात घेत नसत, कारण धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागायचं आणि आपला तोंड लावलेला धोटा बाकीच्यांना चालत नव्हता. पगार विणखात्यात जास्त होता, हे लक्षात घ्या. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं ठेवला. तेव्हाचं विणखातं आणि आजच्या सोसायटीचं फाटक, दोन्हीकडं विटाळ एकच. जिथं सोय जास्त, तिथं आपल्याला मज्जाव.

मग काही पोरं काय करतात? नाव बदलत नाहीत, पण बाकी सगळं झाकतात. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत तळाशी ठेवतात. चौदा एप्रिलला "गावाला लग्न आहे" सांगून बाहेर पडतात. आईनं फोनवर मोठ्यानं जयभीम म्हटलं, तर पोरगं म्हणतं, "आई, हळू बोल." माता-भगिनींनो, जिनं धुणी-भांडी करून त्याला शिकवलं, तिला हळू बोलायला लावणारं घर काय कामाचं?

आम्ही पोरांना एवढंच सांगतो. स्वतःहून जात सांगत सुटायची गरज नाही. भाड्याच्या व्यवहारात जातीचा संबंधच काय? कुणी विचारलं तर नम्रपणे म्हणावं, "आधार कार्ड बघा, पगाराची चिठ्ठी बघा, आधीच्या मालकाला फोन लावा." पण सरळ प्रश्न आला तर खोटं उत्तर देऊ नये, दुसऱ्याचं आडनाव लावू नये. मुसावादा वेरमणी आपण रोज म्हणतो. आणि खोट्यावर उभी राहिलेली खोली अकराव्या दिवशी सोडायची पाळी येते, हे बडोद्यानं शिकवलं आहे.

कायदा आपल्या बाजूला अजिबात नाही असं नव्हे. घटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ चा कायदा, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्याच्या ४ थ्या कलमात कोणत्याही वस्तीत राहण्यासाठी घर बांधणं, घेणं किंवा त्यात राहणं याला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणं हा गुन्हा आहे. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीनं अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, तेव्हा "तुम्ही आता बौद्ध, तुम्हाला लागू नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पण खरं तेही सांगितलं पाहिजे. नकार देणारा कारण कधी बोलत नाही, त्यामुळं पुरावा हाती लागत नाही. आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, आपल्याच समाजापुरतं सभासदत्व ठेवण्याचा नियम मान्य केला. म्हणून कुणी तोंडावर जातीवरून बोललं तर तारीख, वेळ, पत्ता, शब्द लिहून ठेवा, सोबत साक्षीदार ठेवा, मोबाईलवर संदेश आला असेल तर जपून ठेवा आणि आम्हाला कळवा. मात्र रात्री नऊ वाजता, बायको-पोरं फुटपाथवर उभी असताना, ही लढाई लढता येत नाही. लढाईलासुद्धा आधी पाठ टेकायला भिंत लागते.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. बायांनीही नीट ऐकावं, कारण घर शेवटी त्यांनाच चालवायचं असतं.

पहिली गोष्ट, नोकरी नेमकी कुठं आहे ते विचारा. पत्रावर "पुणे" लिहिलेलं असतं. पण रांजणगाव कुठं, चाकण कुठं, हिंजवडी कुठं! पुणे स्टेशनजवळ खोली घेऊन रांजणगावला पाळीवर जायचं म्हणजे रोजचे तीन-चार तास रस्त्यावर. कंपनीत फोन करून तीन प्रश्न विचारावेत. पाळी कोणती? कंपनीची बस आहे का? ती कुठल्या-कुठल्या नाक्यावर थांबते? बसच्या थांब्यापासून चालत जाता येईल अशी खोली शोधावी. बस नसेल तर लोणावळा लोकलची स्टेशनं, म्हणजे दापोडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव, ही ध्यानात ठेवावीत. भाडं पाचशे जास्त गेलं तरी रिक्षाचे दोन हजार वाचतात.

दुसरी गोष्ट, पंधरा दिवसांची पथारी. आपली माणसं पुण्यात सगळीकडं आहेत. येरवडा, ताडीवाला रोड, दापोडी, पिंपरी, भोसरी. देहूरोडला तर २५ डिसेंबर १९५४ रोजी खुद्द बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली, तिथं आपली जुनी वस्ती आहे. नात्यातलं, वस्तीतलं कुणी असेल त्याच्याकडं आधी बोलून ठेवावं. कुणीच नसेल तर कॉट बेसिसवर एक कॉट महिन्याच्या बोलीनं घ्यावी. पण नुसता निरोप टाकून भागत नाही. १९०१ साली लहानगे बाबासाहेब भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले, मसूर स्टेशनवर उतरले, तर न्यायला कुणी नाही. पत्र पाठवलं होतं, पण वडिलांच्या नोकरानं ते त्यांना दिलंच नव्हतं. त्या रात्री मुलांना प्यायला पाणी मिळालं नाही. म्हणून "सांगितलंय" यावर विसंबू नये. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन करावा. आणि ज्याच्याकडं उतरणार त्याच्या घरी दहा बाय दहात पाच माणसं आहेत, हे ध्यानात ठेवून किराणा भरावा, दिवस मोजून राहावं. पाहुणा लांबला की नातं तुटतं.

तिसरी गोष्ट, डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आजकाल मोबाईलवर सुंदर फोटो येतात. भाडं निम्मं असतं. पलीकडचा म्हणतो, "मी फौजेत आहे, बदली झाली, टोकन पाठवा, किल्ली वॉचमनकडं आहे." वॉचमनला विचारलं तर असा कुणी राहतच नाही. दुसरी फसवणूक अशी की तुम्हालाच पैसे पाठवतो म्हणून चौकोनी ठिपक्यांचा कोड पाठवतात. पक्कं ध्यानात ठेवा. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन संध्याकाळच्या हुतात्मानं परत येता येतं. एका रविवारचा खर्च करा, दोघं जा, चार खोल्या बघा.

चौथी गोष्ट, खोली कशी बघायची. रंग बघू नका, नळ बघा. पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे? विजेचं मीटर वेगळं आहे का, नसेल तर युनिटला काय दर लावतात? संडास खोलीत की सामायिक? भिंतीला ओल आहे का, कपाट सरकवून मागं बघा. रात्रपाळीहून येणाऱ्याला फाटक उघडं मिळेल का? मुलगी राहणार असेल तर अंधार पडल्यावर त्या गल्लीतून एकदा चालून बघा, दिवे आहेत का, खाली कोण उभं असतं. आणि मालकापेक्षा शेजारच्या किराणावाल्याला विचारा. आधीचा भाडेकरू का गेला, हे त्याला ठाऊक असतं.

पाचवी गोष्ट पैशाची. समजा भाडं ८,००० आहे. पुण्याकडं दोन-तीन महिन्यांची अनामत मागतात. तीन धरली तर २४,०००. पहिल्या महिन्याचं आगाऊ भाडं ८,०००. एजंट असेल तर तो बहुधा एका महिन्याचं भाडं घेतो, ते ८,०००. हे झाले ४०,०००. वर कराराचा खर्च, गादी, बादली, शेगडी आणि पहिला पगार होईपर्यंतचं जेवण. म्हणजे ५०,००० हाताशी हवेत. बंगळुरात तर दहा-दहा महिन्यांची अनामत मागत आले आहेत. केंद्रानं २०२१ साली नमुना भाडेकायदा मंजूर केला, त्यात राहत्या घराला दोन महिन्यांपेक्षा जास्त अनामत नको असं आहे. पण तो नमुना आहे, राज्यानं तसा कायदा केला तरच लागू होतो. तेव्हा पैसे आपणच साठवले पाहिजेत. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग खर्चाला, दोन भाग कामधंद्यात, आणि चौथा भाग अडीअडचणीला राखून. पोरगं शेवटच्या वर्षाला गेलं की घरात हा चौथा भाग सुरू करा. बारशाचा, वाढदिवसाचा, डीजेचा खर्च एक वर्ष आवरला तरी अनामत उभी राहते. सावकाराच्या पैशानं घेतलेल्या घराला दोन मालक होतात.

सहावी गोष्ट, कागद. आपल्याकडं समज आहे की अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. महाराष्ट्रात हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या ५५ व्या कलमाप्रमाणं भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. नाही नोंदवला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय तसा करार नसेल तर अटींविषयी वाद झाल्यावर, उलट शाबीत होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे मालकाला धमकी म्हणून सांगायचं नाही. "साहेब, यात तुमचंही हित आहे" असं सांगायचं. पण आपल्यावरही बंधन आहे. लायसन्सची मुदत संपली की खोली सोडायची किंवा नवा करार करायचा. अडून बसलात तर कोर्ट दुप्पट दरानं भरपाई लावू शकतं. हैदराबाद, बंगळुरात कायदा वेगळा, तिथल्या माणसाला विचारावं.

करारात अनामत किती, परत कधी, रंगाचे पैसे कोण देणार, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, हे लिहून घ्या. अनामत रोख देऊ नका, खात्यातून द्या. रोख दिलीच तर पावती घ्या. आत गेल्या दिवशी भिंती, नळ, फरशी यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. आधारची झेरॉक्स देताना त्यावर "भाडेकरारासाठी" असं आडवं लिहून तारीख घाला. भाडेकरूची माहिती मालकानं पोलीस ठाण्याला कळवायची असते, त्याला घाबरायचं कारण नाही. सोसायटीत फ्लॅट असेल तर, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणं भाड्यानं देताना सभासदानं सोसायटीला आगाऊ कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. हे माहीत असलं की "कमिटी नाही म्हणते" या वाक्याचं वजन कमी होतं.

शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी वेगळं सांगतो. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर खचू नका. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. राहण्या-जेवण्याचा पैसा विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. अटी आणि मुदत समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा, आणि खोली घ्यायच्या आधी विचारा.

बंधू-भगिनींनो, आता थोडं कडू बोलतो. आपल्यातही आता घरमालक झाले आहेत. पुण्यात आपल्या माणसांनी दोन-दोन, तीन-तीन मजले चढवले, खोल्या भाड्यानं दिल्या. अभिमान वाटतो. पण त्यातले काही मातंग समाजाच्या मुलाला, मुसलमान कुटुंबाला, भटक्या-विमुक्ताला दारातून परत लावतात. एकट्या नोकरदार मुलीला तर विचारतात, "लग्न का नाही झालं?" मग त्या चहा विचारणाऱ्या बाईंत आणि आपल्यात फरक काय राहिला? जो चटका आपल्या पाठीवर आहे तो दुसऱ्याच्या पाठीवर देणाऱ्यानं दीक्षेचं नाव सांगू नये. आपल्या दाराला जातीची कडी नसेल, तरच दुसऱ्याच्या दाराची कडी वाजवण्याचा आपल्याला अधिकार.

आणखी एक. काही जण म्हणतात, आपल्या वस्तीतच राहावं, अपमान नको. पहिलं पाऊल टेकायला आपली वस्ती चांगलीच. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत बाबासाहेबांनी किती वर्षं काढली! कामगारांच्या गजबजाटात राहून अभ्यास केला, चळवळ उभी केली. पण ते तिथंच थांबले नाहीत. पुढं दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधलं आणि ते पुस्तकांनी भरलं. चाळीची लाज धरली नाही आणि कॉलनीची भीती धरली नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्यांनी खेड्याच्या कोतेपणावर कोरडे ओढले, ते याचसाठी की माणसाला जातीच्या हद्दीबाहेर पडता आलं पाहिजे. शहरात जाऊन आपण नवी हद्द आखून घेतली, तर शहरात गेलोच नाही म्हणायचं.

शेवटी विहार समितीपुढं आमची एक मागणी आहे. विहारात एक वही ठेवावी. कपाटात पुस्तकांशेजारी. आपल्या वस्तीतला जो कोणी परगावी आहे त्याचं नाव, तो कुठल्या भागात राहतो, त्याच्याकडं चार दिवस उतरता येईल का, त्याच्या भागात कुठला मालक सरळ आहे आणि कुठल्या एजंटानं फसवलं, हे त्यात लिहावं. ज्याचा नंबर लिहायचा त्याला विचारून लिहावा. वही समितीच्या ताब्यात राहावी, मोबाईलवर गावभर फिरवू नये. ज्याला वहीमुळं खोली मिळाली त्यानं सहा महिन्यांत परत येऊन दुसऱ्यासाठी एक पत्ता लिहावा, एवढीच तिची फी. दुसरं, अनामतीपुरती बिनव्याजी उसनवार देता येईल असा छोटा निधी करावा. महिला मंडळाच्या बचतगटाला हिशेब ठेवता येतो, तो त्यांच्याकडं द्यावा. परतफेड हप्त्यानं, दोन जामीन वस्तीतलेच. आम्ही आमच्याकडून पहिले ५०० रुपये आज इथं समितीकडं देत आहोत.

आपल्या बापजाद्यांना गिरणीच्या खोलीत वळकटी टाकायला जागा देणारा कुणीतरी होता, म्हणून आपण आज या विहारात बसलो आहोत. बाबासाहेबांना त्या दिवशी बडोद्यात तसा एकही माणूस भेटला नाही. यापुढं आपल्या वस्तीतून जाणाऱ्या एकाही लेकरावर पेटी घेऊन बागेत बसायची वेळ येऊ नये, एवढं आपल्या हातात आहे. तेवढं करू या.